विश्रामबाग वाड्यातील रहिवासी

प्रश्न : पुण्याच्या मध्यवस्तीतील विश्रामबाग वाडा पेशवाईनंतर कोणाच्या वापरात होता?

उत्तर : दुसऱ्या बाजीरावांनी हौसेने बांधून घेतलेल्या या वाड्यात त्यांना फार काळ राहता आले नाही, कारण १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि त्यांची रवानगी बिठूरला झाली. आमच्या मते वाड्याचा अधिक रंजक इतिहास त्यानंतरचाच आहे. १८२१ मध्ये इंग्रजांनी येथे संस्कृत पाठशाळा सुरू केली. तिचा खर्च पेशव्यांनी विद्वान ब्राह्मणांसाठी चालविलेल्या दक्षिणेच्या निधीतूनच भागविला जात असे (राज्य बदलले, पैसा तोच राहिला), आणि आजच्या डेक्कन कॉलेजचे मूळ याच पाठशाळेत आहे. १८७९ च्या आगीत वाड्याचा काही भाग जळाला. पुढे येथे नगरपालिकेची कचेरीही होती.