पीककर्जातून मालदीव? त्यापेक्षा पुढच्या दिवाळीत लक्षद्वीप

देवगड तालुक्यातल्या एका बागायतदार वाचकांनी विचारलं आहे: हापूसची बाग आहे, पत्नी प्राथमिक शिक्षिका आहेत, दोन मुली, वय 13 आणि 9. येत्या दिवाळीच्या सुट्टीत प्रवाळ बेटांवर जाऊन डायव्हिंग करायचं आहे. एजंटने मालदीवच्या वॉटर व्हिलाचं (पाण्यात खांबांवर बांधलेल्या खोलीचं) चार रात्रींचं 3,40,000 रुपयांचं पॅकेज दिलंय, लक्षद्वीपमध्ये कदमत बेटावरच्या मुक्कामाचं 1,72,000 चं. बँकेत साडेपाच लाखांची मुदत ठेव आहे. पण ती न मोडता 3 लाखांचं पर्सनल लोन घ्यावं, की व्याज कमी म्हणून पीककर्जाचे पैसे वापरावेत?

नमस्कार. आधी पीककर्जाचं बोलू, कारण हा विचार कोकणात अनेकांच्या मनात येतो. वेळेवर फेडलं तर ते स्वस्त पडतं, हे खरं. पण ती स्वस्ताई मुदतीत परतफेड करण्यावर टिकून असते. तारीख चुकली की व्याजाची सवलत गेली आणि पुढच्या हंगामाचं कर्जही अडकलं. किसान क्रेडिट कार्डाच्या मर्यादेत घरखर्चासाठी साधारण 10 टक्के भाग धरलेला असतो. त्यात चौघांचं मालदीव बसत नाही. उरलेला पैसा औषधं, मजुरी आणि खोक्यांचा आहे. तो सहलीत गेला, तर जानेवारीत तुडतुडे आणि फुलकिडे आल्यावर फवारणी उधारीवर करावी लागेल.

पर्सनल लोनचं गणित सरळ आहे. एजंटने सांगितलेल्या 13 टक्के दराने 3 लाख, 24 महिने: हप्ता सुमारे 14,260 रुपये आणि एकूण व्याज 42,000 च्या वर. हप्ता दर महिन्याला जाणार आणि बागेचा पैसा येणार एप्रिल-मे मध्ये. हापूस एक वर्ष भरभरून देतो आणि पुढच्या वर्षी हात आखडतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्या पडत्या वर्षात हप्ता बाईंच्या पगारातूनच जाईल.

आता साडेपाच लाखांची ठेव. ती एकरकमी दिसते म्हणून मोकळी वाटते, पण तशी ती नाही. तुम्हीच कळवल्याप्रमाणे ऑगस्ट ते मार्च बागेचा खर्च 2,60,000. घरखर्च महिना 38,000, त्याचे सहा महिने म्हणजे 2,28,000. हे दोन्ही बाजूला ठेवले की हातात उरतात 62,000. सहलीसाठी तुमच्याकडे आज आहेत ते एवढेच. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: या दिवाळीत जाऊ नका, पुढच्या दिवाळीत जा, आणि मालदीवला नाही, लक्षद्वीपला जा.

थांबण्यात नुकसान नाही, उलट फायदा आहे, आणि तो तुमच्या धाकट्या मुलीचा. स्कूबाच्या (पाठीवर हवेची टाकी बांधून केलेल्या डायव्हिंगच्या) ओळखीच्या डाइव्हसाठी आणि ओपन वॉटर कोर्ससाठी, म्हणजे डायव्हिंगच्या पहिल्या प्रमाणपत्रासाठी, किमान वय साधारणपणे 10 वर्षं असतं. आज ती 9 ची आहे. दोन्ही कोटेशनमध्ये 'चौघांचं स्कूबा' असं लिहिलंय, म्हणजे तिच्या नावाचे पैसे घेऊन तिला बोटीवर बसवून ठेवलं जाईल. पुढच्या दिवाळीपर्यंत तिला 10 पूर्ण होतील आणि ती बहिणीबरोबर पाण्यात उतरू शकेल. ओळखीची डाइव्ह जास्तीत जास्त 12 मीटरपर्यंत, तीही प्रशिक्षक हाताशी ठेवून.

मालदीव मी पैशाच्या हिशेबावरून बाद करतोय, सौंदर्यावरून नाही. ती आणि लक्षद्वीपची बेटं एकाच समुद्रतळावरच्या रांगेतली कंकणद्वीपं आहेत: बाहेर प्रवाळाची भिंत, आत लगून, म्हणजे उथळ, शांत पाणी. वॉटर व्हिलाच्या भाड्यातला मोठा वाटा खोलीचा असतो आणि तुम्हाला तर दिवसभर पाण्यात राहायचंय. शिवाय एजंटच्या आकड्यात पुढच्या गोष्टी आहेत का, ते लेखी विचारा: रिसॉर्टपर्यंतची स्पीडबोट किंवा सीप्लेन, पर्यटनावरचा 17 टक्के जीएसटी, सर्व्हिस चार्ज आणि ग्रीन टॅक्स (तिथला पर्यावरण कर). रिसॉर्टमध्ये ग्रीन टॅक्स माणशी रात्रीला 12 डॉलर आहे. चौघे, चार रात्री म्हणजे 192 डॉलर. डॉलर 90 रुपये धरला तर 17,280 रुपये, तेही एकही मासा न बघता.

लक्षद्वीपमध्ये कुठलं पॅकेज घेता याला महत्त्व आहे. जहाजावर राहून दिवसा एकेका बेटावर उतरवणारी 'समुद्रम'सारखी सहल फिरायला चांगली, पण शिकायला उपयोगाची नाही. बेटावर काही तास मिळतात आणि संध्याकाळी परत जहाजावर यावं लागतं. तुमचं कोटेशन कदमतच्या मुक्कामाचं आहे, ते योग्य आहे. लगूनमध्ये कयाक आणि स्नॉर्केलिंग रोज करता येतं.

जायचं कोकण रेल्वेने एर्नाकुलमला आणि कोचीहून जहाजाने. विमान लक्षद्वीपच्याच अगत्ती बेटावर जातं, पण परतीला त्यात एक छुपा खर्च आहे. डाइव्हमध्ये दाबाखाली शरीरात नायट्रोजन विरघळतो. तो बाहेर पडायच्या आत उंचीवर गेलं, तर त्याचे बुडबुडे होऊन सांधेदुखीपासून लकव्यापर्यंत काहीही होऊ शकतं. म्हणून एकाहून जास्त डाइव्ह केल्यावर उड्डाणाआधी किमान 18 तास सोडायचे असतात. याचा अर्थ विमानाने परतायचं तर शेवटचा दिवस कोरडा जातो, आणि त्या दिवसाचं भाडं तुम्ही भरलेलं असतं. जहाज समुद्रसपाटीवरच असल्याने ही अट लागत नाही.

जहाजाचा धोका वेगळा: हवामान. 2017 मध्ये ओखी वादळ नोव्हेंबरअखेर आणि डिसेंबरच्या सुरुवातीला याच भागात आलं होतं. फेरी पुढे ढकलली की कोचीत दोन रात्री काढाव्या लागतात आणि परतीचं आरक्षण वाया जातं. त्यासाठी 20,000 वेगळे ठेवा. म्हणजे लक्ष्य झालं 1,92,000. जवळच्या 62,000 मध्ये बाईंच्या पगारातून महिना 8,500 ची आरडी 15 महिने घातली, तर 1,27,500 आणि त्यावरचं साधारण 5,500 व्याज मिळून 1,95,000 होतात. आरडी पगार जमा होण्याच्या दुसऱ्या दिवशीची लावा आणि बागेच्या पैशाला हात लावू नका. 62,000 ची ठेवसुद्धा वेगळ्या पावतीवर काढा, नाहीतर ऑक्टोबरच्या फवारणीत ती नकळत वितळेल.

दरम्यान एक छोटा खर्च नक्की करा. तारकर्लीला एमटीडीसीची डायव्हिंग संस्था आहे, मालवणातही सोय आहे. पावसाळ्यानंतर दोघा मोठ्यांनी आणि थोरलीने एकदा पाण्यात उतरून बघा. पहिल्या तीन-चार मीटरमध्येच कानाचा दाब सोडता येत नाही, असं अनेकांचं होतं. सर्दी असेल तर हमखास. हे कदमतला कळण्यापेक्षा तारकर्लीला कळलेलं स्वस्त पडतं. दमा, हृदयविकार किंवा कानाचं ऑपरेशन झालं असेल, तर डॉक्टरांचं पत्र लागतं. मालवणचं पाणी नद्यांच्या गाळाने गढूळ असतं, तेव्हा तिथे काय दिसलं यावरून निर्णय घेऊ नका, श्वास जमतो का एवढंच बघा. ओपन वॉटर करायचं असेल, तर थिअरी आणि उथळ पाण्यातला सराव इथे संपवून फक्त चार समुद्री डाइव्ह तिकडे करायची सोय असते. आधी दोन्हीकडे विचारून कागद घ्या. बेटावरचे दोन दिवस वाचतील.

विजयदुर्गासमोरची आंग्रिया बँक, म्हणजे समुद्रात बुडालेलं प्रवाळाचं पठार, जवळ आहे, असं कुणी सुचवेल. ती सुमारे शंभर किलोमीटर आत आहे आणि तिचा माथाच वीसेक मीटर खोल आहे. शिकाऊ कुटुंबासाठी नाही.

लक्षद्वीपला आपल्यालाही प्रवेश परवाना लागतो, त्यासाठी पोलीस पडताळणीचा दाखला. ते काम दोन महिने आधी सुरू करा आणि परवाना हातात येण्यापूर्वी परत न मिळणारी रक्कम भरू नका. विमा घेताना 'स्कूबा' वगळलंय का, ते पॉलिसीच्या मजकुरात वाचा. साध्या प्रवास विम्यात ते बहुतेक वेळा वगळलेलं असतं. बेटावरून हलवण्याचा खर्च आणि प्रेशर चेंबरमधले (नायट्रोजनच्या बुडबुड्यांवर दाबाच्या खोलीत होणारे) उपचार, हे दोन्ही शब्द त्यात हवेत. प्रवाळाचा तुकडा सामानात येऊ देऊ नका. 1972 च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे, हे मुलींनाही सांगा.

निघायची तारीख ठरवताना पालवीवरची पहिली फवारणी आटोपून घ्या. फळपीक विम्याचा हप्ताही जायच्या आधीच भरा. त्याची मुदत साधारण नोव्हेंबरअखेर संपते आणि जहाज उशिरा आलं तर ती हुकेल.