कंपनी नाटकाच्या कार्यशाळेतून 'लीडरशिप' शिकवणार आहे. नाटकातून खरंच नेतृत्व शिकता येतं का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की कंपनी बुटीबोरीला आहे, एचआरने वीस सुपरवायझरांची नावं काढलीत, रविवारी आठ तास कार्यशाळा, येणं सक्तीचं, आणि बदली सुट्टीचं कोणीच काही सांगून नाही राहिलं. शेवटी विचारलंय, 'नाटक-गाण्याला खऱ्या कामात काही किंमत असते का, की नुसता टाइमपास?'

बदली सुट्टी लेखी मागून घ्या. एवढं उत्तर पक्कं. पुढचं लांबणार आहे, कारण तुमचा तो 'टाइमपास' शब्द मला लागला, आणि कार्यशाळा घेणाऱ्या जमातीतल्या एकाशी माझा जुना हिशेब बाकी आहे.

मी हिंगणा एमआयडीसीत शिफ्ट इनचार्ज आहे. त्याच्या आधीपासून आणि नंतरही, अशी सतरा वर्षं, हौशी नाटकात रंगमंच व्यवस्था केली. अभिनय एकदाच केला, पोस्टमनचा, आणि त्यात पत्र विंगेतच विसरून एन्ट्री घेतली. तेव्हापासून विंगेतच राहिलो. राज्य नाट्य स्पर्धेचा निकाल तुम्ही पेपरात वाचला असेल: दिग्दर्शन, प्रकाशयोजना, नेपथ्य, रंगभूषा, अभिनयाची रौप्यपदकं. साठ वर्षांहून जुनी स्पर्धा आहे. रंगमंच व्यवस्थेला त्यात बक्षीस नाही. श्रेयनामावलीत आमचं नाव शेवटच्या ओळीत, 'विशेष आभार'च्या जरा वर. आणि व्यावसायिक नाटकाच्या जाहिरातीत व्यवस्थापकाला काय म्हणतात? सूत्रधार! संस्कृत नाटकापासूनचा शब्द, आणि आमच्या हौशी लोकांना त्यातला निव्वळ दोरा मिळाला, पडद्याचा.

तर 2003 चा हिवाळा. प्राथमिक फेरी, नागपूर केंद्र. हॉलचं आणि नाटकाचं नाव लिहीत नाही, लिहिलं तर ओळखणारे ओळखतील. सातला तिसरी घंटा. सहा-पंचवीसला हॉलच्या ऑफिसातला फोन वाजला आणि शिपायाने मला बोलावलं, कारण सगळ्या नाटकांत फोन आला की रंगमंच व्यवस्थेवालाच बोलावतात. आमच्या मुख्य नटाचे शेजारी बोलत होते. नटाचे वडील जिन्यावरून पडले, मेडिकलला, म्हणजे नागपूरच्या सरकारी हॉस्पिटलात, नेलंय, शुद्धीवर आहेत पण पाय हलवता येत नाही, पोराला लवकर पाठवा.

मी दिग्दर्शकाला बाजूला घेऊन सांगितलं. तो म्हणाला, "प्रयोग होईपर्यंत एक शब्द नाही. त्याला आत्ता सांगितलं तर माझं नाटक बसलं." लक्षात घ्या, 'आपलं' नाही म्हणाला. दोन महिने तालमी झाल्या होत्या, उसनवारी करून नेपथ्य उभं केलं होतं, सकाळपासून पोट्टे उपाशी राबत होते. त्याच्या म्हणण्यात वजन नव्हतं असं नाही. मी मान हलवली आणि प्रॉपर्टीची, म्हणजे प्रयोगात लागणाऱ्या वस्तूंची, यादी तपासायला निघून गेलो. हो, मी पण आधी मान हलवली होती. हे मी पूर्वी कुणाला सांगत नसे.

लाइटवाले काका मिलमध्ये इलेक्ट्रिशियन होते, मिल गेल्यावर मंडपाची कामं करत. ते डिमरच्या मागे बसून विडी न पेटवता नुसती तोंडात धरून असत. त्यांनी माझं तोंड पाहून विचारलं आणि मी सांगून टाकलं. ते म्हणाले, "सांग बाप्पा त्याले. काहून लपवून राहिला? उद्या तुह्या घरचा फोन आला तं?" बस. एवढंच बोलले आणि परत स्पॉटकडे पाहायला लागले.

पावणेसात झाले होते. नट रंगभूषेला बसला होता. सत्तावीस वर्षांचा पोरगा, भूमिका साठ वर्षांच्या म्हाताऱ्याची. केस पांढरे करून झालेले, मिशी अर्धी चिकटलेली. मी खोलीतल्या सगळ्यांना बाहेर काढलं आणि त्याला जसंच्या तसं सांगितलं. शेजाऱ्यांनी जे शब्द वापरले तेच. वर एकच जोडलं: "तू म्हणशील ते करू. निघायचं असेल तर स्कूटर खाली आहे, परीक्षकांना मी सांगतो."

तो बराच वेळ आरशात बघत राहिला. मग म्हणाला, "दुसऱ्या अंकात मी शेवटचा किती वाजता बाहेर येतो?"

हे मला तोंडपाठ होतं. त्याचं पात्र घर सोडून जातं, त्यानंतर अठरा मिनिटं नाटक चालतं आणि त्यात तो नाही. म्हणजे नऊच्या सुमारास तो मोकळा. मध्यंतर पंधरा मिनिटांचं होतं. मी म्हटलं, मध्यंतर सात मिनिटांवर आणतो, नऊच्या आधीच तुला विंगेतून थेट सोडतो, नमस्काराला थांबायचं नाही. आणि आत्ता या क्षणी माझा मावसभाऊ पैसे आणि थर्मास घेऊन मेडिकलला निघतोय, मध्यंतरात त्याचा फोन येईल. त्या फोनवर तू ठरव, थांबायचं की जायचं. तो म्हणाला, "मिशी लावा पूर्ण."

सातला घंटा दिली. मध्यंतरात नेपथ्य बदलायला बारा मिनिटं लागत. चार पोरांना बोलावून खरं कारण सांगितलं आणि विचारलं, सातमध्ये होईल का? त्यांनी सहा मिनिटांत केलं. नेपथ्याच्या भिंतींचे दोन फ्लॅट उलटे केले, सोफा आडवा केला, देवघर जागेवरच ठेवून त्यावर चादर टाकली. खरं कारण कळलं की माणसं कशी हलतात ते त्या दिवशी मी पाहिलं. दिग्दर्शक तेव्हा परीक्षकांच्या मागच्या रांगेत बसून होता, त्याला वाटलं मी घड्याळ चुकलो. फोन आला: खुबा मोडलाय, म्हातारा बोलतोय, चहा मागतोय, डॉक्टर देऊ नाही राहिले. नटाने दुसरा अंक केला. कसा केला ते मी पाहिलं नाही, मी खाली स्कूटरचं तोंड गेटकडे वळवून ठेवत होतो.

तो तसाच गेला. पांढरे केस, धोतर, कोट. मेडिकलच्या कॅज्युअल्टीत सिस्टरला वाटलं पेशंटचा थोरला भाऊ आला. वडिलांनी तर ओळखलंच नाही. "कोण जी तुम्ही?" हा "बाबा" म्हणाला तेव्हा म्हातारा घाबरला, म्हणे, आपण किती दिवस बेशुद्ध होतो?

इकडे पडदा पडला, नमस्काराला मुख्य नट नाही. दिग्दर्शकाने पडद्यामागे सगळ्यांसमोर मला सुनावलं. वाक्य अजून पाठ आहे: "रंगमंच व्यवस्थेने अक्कल चालवायची नसते." निकाल लागला तेव्हा नटाला रौप्यपदक, दिग्दर्शकाला दिग्दर्शनाचं पहिलं. सत्कारात त्याने भाषण केलं की ऐनवेळी संकट आलं पण आपण टीम बांधून ठेवली. मी मागे खुर्च्या उचलत होतो.

आता हाच गृहस्थ कंपन्यांमध्ये कार्यशाळा घेतो. मागे कुणीतरी व्हिडिओ पाठवला. त्यात तो हाच किस्सा सांगतो, फक्त त्याच्या किश्शात फोन त्याने घेतलेला आहे आणि नटाच्या खांद्यावर हात ठेवून सत्य त्याने सांगितलेलं आहे. समोरचे सगळे सुपरवायझर वह्यांमध्ये लिहून घेत होते.

तुमच्याकडे येणारा तोच आहे असं मी म्हणत नाही. असेल तर कळवा.

मी काय शिकलो म्हणाल, तर आमच्या शिफ्टवर कुणाच्या घरचा फोन आला की आधी मशीन बंद, मग दुसरा माणूस उभा, मग त्याला बाजूला घेऊन पूर्ण खरं सांगणं. यावरून माझं एका मॅनेजरशी वाजलंय, तो म्हणे शिफ्ट संपल्यावर सांगायला काय होतं. पण हे मला आरशाच्या खेळातून आलेलं नाही. तुमच्या रविवारी तो खेळ असणारच: समोरासमोर उभं राहून एकमेकांची नक्कल करा, मग डोळे बांधून एकमेकांवर विश्वास टाका. त्यात कुणाचा बाप मेडिकलला नसतो आणि तिसरी घंटा पण नसते. आठ तासांत दोन महिन्यांच्या तालमीचा अर्क कोणी काढून देत असेल तर तो सरबत विकतोय.

नाटकाची खरी किंमत कुठे कळते ते पाहायचं असेल तर दिवाळीनंतर भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे जा. माझ्या मामाचं गाव साकोलीकडे आहे. धान निघालं की मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते आणि रात्री नाटक. ह्या सगळ्या भागाला झाडीपट्टी म्हणतात, आणि गडचिरोलीतलं वडसा म्हणजे झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांचं माहेरघर. गावातलं मंडळ कंपनीशी सौदा करतं, तिकीट लावतं, मंडप बांधतं, आणि रात्री दहा-अकराला सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. दुसऱ्या रात्री तीच माणसं दुसऱ्या गावात. नट, गाणारे, वाजवणारे, पडदेवाले, गाडीवाला, सगळ्यांचं जेवण-झोप-भांडण एक माणूस सांभाळतो आणि सीझनभर सांभाळतो. तिथे 'कलेला काय किंमत' असं कुणी विचारत नाही. किंमत तिकिटावर छापलेली असते. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा शहरातल्या पुष्कळांनी झाडीपट्टी पहिल्यांदा नकाशात शोधली. 5,000 च्या वर प्रयोग केलेला माणूस. तुमच्या एचआरला म्हणा, वीस सुपरवायझरांना एका रात्रीसाठी तिथे घेऊन जा. खर्च कमी येईल, आणि दुसऱ्या दिवशी सगळे झोपतील, पण काहीतरी पाहून झोपतील.

कलेवर चालणाऱ्या धंद्यांना सरकार आता 'ऑरेंज इकॉनॉमी' म्हणतं, संयुक्त राष्ट्रांनी 2021 हे सर्जनशील अर्थव्यवस्थेचं वर्ष म्हणून पाळलं. चांगलं आहे. पण इथे बसून मला एवढंच दिसतं: 2013 च्या कंपनी कायद्यात सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी समाजासाठी करायच्या खर्चाच्या, यादीत (सातव्या अनुसूचीत) कला-संस्कृतीचं जतन आणि पारंपरिक कलांचा विकास स्पष्ट लिहिलंय. ज्या कंपन्यांना तो नियम लागू आहे त्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के खर्च करायचे असतात. नाटकवाले पैसे मागायला गेले की साहेब म्हणतात, आमचं बजेट शाळेच्या बाकांत गेलं. जाऊ द्या, बाकही लागतातच. मग तेच साहेब 'थिएटर'वाल्या ट्रेनरला ट्रेनिंगच्या खात्यातून पैसे देतात. म्हणजे नाटक नाटक म्हणून आलं तर टाइमपास, आणि पीपीटी घेऊन आलं तर लीडरशिप.

आता थोडं दुसऱ्या बाजूचं, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिलं. तो दिग्दर्शक दिग्दर्शक म्हणून खरंच चांगला होता. दिग्दर्शनाचं बक्षीस त्याचंच होतं, त्यात खोट नाही. तालमीत वीस मिनिटं कोणी न बोलता बसायचं, हे मला त्यानेच शिकवलं, आणि कारखान्यात त्याचा उपयोग होतो. तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता. त्या वयात मी कुणाचा दिग्दर्शक असतो तर काय केलं असतं, सांगता येत नाही. काकांनी टोकलं नसतं तर मीही गप्पच राहणार होतो, ते वर लिहिलंच आहे. नाटकातही हडेलहप्पी माणसं भरपूर असतात. नाटक केलं म्हणून माणूस सुधारतो, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

कार्यशाळेला जा. सक्तीची आहे म्हणजे जाणारच आहात. शक्य झालं तर खुर्च्या कोण लावतंय, माइक कोण तपासतंय ते बघा, त्याच्याशी बोला. आणि खरोखर शिकायचंच असेल तर आपल्याकडे हौशी ग्रुपांना नोव्हेंबरपासून विंगेत माणसं कमी पडतात. अभिनय येत नाही म्हटलं तर जास्तच आनंदाने घेतील. घरी मात्र आधी सांगा. माझ्या बायकोने ती सतरा वर्षं कशी काढली, त्याचं वेगळं उत्तर तीच लिहू शकेल.

संपादन: तिघांनी मेसेज करून विचारलं की नटाच्या वडिलांचं पुढे काय झालं. खुब्याचं ऑपरेशन झालं, पुढे सात-आठ वर्षं काठी घेऊन हिंडले. दुसऱ्या वर्षीच्या प्रयोगाला पहिल्या रांगेत बसवले होते. पहिल्या अंकातच झोपले. मध्यंतरात उठून मला म्हणाले, "चहा भेटते का?"