खोली तीच, चाळ तीच, मग मत कसं फिरलं?

प्रश्न: आजोबा परळच्या गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे, पक्के लाल बावट्याचे, कम्युनिस्ट युनियनचे. वडील मात्र शिवसेनेच्या शाखेत जाणारे. एकाच खोलीत राहून गिरणगावातले लोक एकाएकी डाव्यांना सोडून सेनेचे कसे झाले?
- एक वाचक, डोंबिवली

उत्तर: एकाएकी कसलं हो, वीसेक वर्षं तर गेली त्यात! गिरणीतल्या माणसाचे तेव्हा दोन संसार असायचे, एक गेटवर आणि एक चाळीत. 1928च्या संपात गिरणी कामगार युनियन उभी राहिली तेव्हापासून पगार, बोनस, बदलीवाल्यांचे (कायम नसलेल्या कामगारांचे) हाल, सगळ्याला लाल बावटा. कायद्याने मान्यता काँग्रेसवाल्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाला, पण त्याबद्दल गिरणीच्या खात्यात कामगार काय बोलायचे ते इथे छापता येणार नाही.

पाळी सुटली की मात्र गाळा (गाववाल्यांची सामायिक खोली), गावकीचं मंडळ, भजन, गणपती. कोकणातल्या एकाच गावची वीस-पंचवीस माणसं एका खोलीत, पहिल्या पाळीचा उठून गेला की त्याच वळकटीवर रात्रपाळीचा येऊन आडवा, ट्रंक आणि खुंटी तेवढी ज्याची त्याची. कुणाला मत द्यायचं ते ह्याच खोलीत ठरायचं.

डाव्यांचा जोर गेटवर, आणि 1966ला निघालेल्या सेनेने नेमकी चाळ धरली. शिकलेल्या पोराला बापासारखं साच्यावर उभं राहायचं नव्हतं, त्याला ऑफिसात नोकरी हवी होती आणि ती मिळत नव्हती, त्याच्याशी बोलायला नाक्यावर शाखा होती. तरी 1967ला ह्याच भागातून कॉम्रेड डांगे लोकसभेवर गेले बरं का! मग जून 1970मध्ये परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाईंचा खून झाला, पोटनिवडणुकीला त्यांच्या पत्नी सरोजिनीबाई उभ्या राहिल्या, आणि निवडून आले सेनेचे वामनराव महाडिक, तेही दोन हजारांच्या आतल्या फरकाने. सेनेचा पहिला आमदार तो. म्हणजे जवळजवळ अर्धी अर्धी वाटणी होती, आणि ती घराघरात होती.

आता गंमत बघा. जानेवारी 1982ला कामगार पुढारी डॉक्टर दत्ता सामंतांचा संप, अडीच लाख कामगार बाहेर. 1984च्या शेवटी इंदिराबाईंच्या हत्येनंतर देशभर काँग्रेसची लाट, इकडे नाक्यानाक्यावर शाखा, आणि दक्षिण मध्य मुंबईतून निवडून कोण आलं, तर अपक्ष दत्ता सामंत. पोटाचा प्रश्न आला तेव्हा माणूस परत गेटवर गेला. पण संप रेंगाळत राहिला, हजारोंना परत कामावर घेतलंच नाही, काही गावाला गेले, काहींनी भाजीची गाडी लावली. गेटच उरलं नाही तर गेटवरचा पुढारी कुठे उभा राहणार? चाळ होती, मंडळ होतं, शाखा होती. 1989ला त्याच मतदारसंघातून खासदार झाले तेच वामनराव महाडिक.

वडिलांना एकदा विचारून बघा, चौऱ्याऐंशीला शिक्का कुणावर मारला होता. आमच्या काकांनी सामंतांवर मारला होता, भिंतीवर फोटो मात्र बाळासाहेबांचा.