मायक्रोफ्लुइडिक्सला मराठीत काय म्हणावे?

विचारणा अशी: केसाएवढ्या नळ्यांतून रक्त, रसायने खेळवण्याच्या तंत्राला, म्हणजे मायक्रोफ्लुइडिक्सला, 'सूक्ष्मद्रवशास्त्र' म्हटलेले चालेल का?

माझ्या मते नको. फ्लुइडमध्ये द्रव आणि वायू दोन्ही येतात. दोघांसाठी मिळून 'द्रायू' हा शब्द मराठीत घडवलेला आहे. विश्वकोशात 'द्रायुयामिकी' (फ्लुइड मेकॅनिक्स) भेटते. कानाला अजून रुळलेला नाही, पण नेमका आहे. हिंदीतला 'तरल' उचलावा, तर मराठीत भावना तरल असतात, पाणी नव्हे. आणि वायूचा आग्रह म्हणजे काथ्याकूट नाही. या विषयातल्या अगदी सुरुवातीच्या उपकरणांपैकी एक १९७९ साली स्टॅनफर्डमध्ये सिलिकॉनच्या चकतीवर कोरले गेले, ते वायूंचेच पृथक्करण करणारे होते.

मग 'सूक्ष्मद्रायुशास्त्र'? त्यात द्रायूच सूक्ष्म असल्यासारखे वाटते. सूक्ष्म असते ती वाट. पाणी तेच, पण नळीची रुंदी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्यावर आली की त्याची चाल बदलते. जडत्वाला कुणी विचारत नाही. श्यानता (द्रवाचा दाटपणा, वाहण्याला होणारा विरोध) आणि पृष्ठताण (पृष्ठभागाचा ताण) कारभार हाती घेतात. एका नळीत दोन द्रव सोडले तर भोवरे उठत नाहीत, दोघे शेजारी शेजारी वाहत राहतात आणि मिसळतात ते केवळ विसरणाने, म्हणजे रेणू आपोआप एकमेकांत पसरत गेल्याने, सावकाश. लवकर मिसळायचे असतील तर नळीच्या तळाला तिरप्या खाचा पाडून प्रवाहाला पीळ द्यावा लागतो. थोडक्यात, सगळा खेळ वाहण्याचा आहे. म्हणून माझी पसंती 'सूक्ष्मप्रवाहशास्त्र' आणि वस्तूसाठी 'सूक्ष्मप्रवाह चिप'. विजेचे लोक कुरकुरतील, त्यांचाही प्रवाहच. पण संदर्भाने भागते.

एक जुना शब्द मात्र इथे हाताशी ठेवावा: केशाकर्षण, म्हणजे बारीक नळीत किंवा छिद्रात द्रव आपोआप ओढला जाणे. गरोदरपणाच्या चाचणीची पट्टी किंवा कोविडचे अँटिजेन किट यांत पंप नसतो. नमुना पट्टीच्या बारीक छिद्रांतून केशाकर्षणानेच पुढे सरकतो. तिथे नवा शब्द घडवायची गरज नाही.

वर्तमानपत्री लेखात मी तरी पहिल्यांदा 'मायक्रोफ्लुइडिक्स' लिहून एका वाक्यात अर्थ सांगेन, मग मराठी शब्द वापरेन. आणि कृपया 'फ्लुइडिक्स' लिहावे, 'फ्ल्युइडिक्स' नको. मूळ उच्चारात तो 'य' नाही.