‘छडी आवरली तर पोरगं बिघडंल की, ताई’

ख्रिस्ती घरांतले आईवडील मुलांच्या तक्रारी घेऊन माझ्याकडे सल्ल्याला येतात तेव्हा इकडचं तिकडचं बोलून झालं की एक प्रश्न हमखास निघतो. बायबलमधलं नीतिसूत्रे 13:24. छडी आवरणारा बाप मुलाचा वैरी, असं शास्त्रच सांगतं. मग मारू नका म्हणणाऱ्या तुम्ही कोण? प्रश्न रास्त आहे. मीही मंडळीतलीच, म्हणजे चर्चचीच, त्यामुळे तो टाळताही येत नाही. उत्तरादाखल एका घराची हकिकत सांगते. घर ओळखू येऊ नये म्हणून तपशील बदलले आहेत. मुलाला शमू म्हणूया.

आधी आई एकटीच आली. शमू नऊ वर्षांचा. चार वर्षं अंथरूण कोरडं होतं, आणि गेल्या दोन महिन्यांत आठवड्यातून तीन-चारदा ओलं. मी कसलाच सल्ला दिला नाही, बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. बंद झालेलं पुन्हा सुरू झालं तर लघवीतला जंतुसंसर्ग, साखर, बद्धकोष्ठ हे आधी तपासायलाच हवं. ‘मनाचं असेल’ म्हणून तपासणीशिवाय थेट माझ्याकडे आणलेलं मूल बघितलं की मला धडकी भरते. तपासण्या ठीक आल्या. मग दोन महिन्यांपूर्वी काय झालं ते हळूहळू निघालं.

वीस रुपये. दानार्पणासाठी दिलेल्या दहाच्या दोन नोटा, दोन रविवार, शमूने थैलीत टाकल्याच नाहीत. शब्बाथशाळा सुटल्यावर दोस्ताबरोबर गाड्यावर भेळ खाल्ली. तिसऱ्या रविवारी चर्चच्या आवारात, चार माणसांत, कुणीतरी हसत हसत वडिलांच्या कानावर घातलं. घरी आल्यावर पट्टा निघाला.

‘चार माणसांत’ हे शब्द मी वहीत अधोरेखित करून ठेवले.

पुढच्या भेटीला वडील आले. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, सुपरवायझर. ‘सलाम ताई’ म्हणाले आणि खुर्चीच्या कडेवर टेकले. घराणं जुनं. (अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर 1852 साली कोल्हापुरात आले. आपलं घर मिशनच्या त्या सुरुवातीच्या काळातलं, हे सांगताना इथल्या माणसाचा आवाज चढतोच. माझाही चढतो.) आजोबा मंडळीत ‘वडील’ होते, पदाने, घरात तर होतेच.

“त्यांनी मला चिंचंच्या फोकानं फोडलंय. माझं काय वाईट झालं? आता शाळेत बी मारत न्हाईत, म्हणून तर ही गत.”

शाळेचं खरं आहे. शिक्षण हक्क कायदा 2009, त्याच्या कलम 17 ने शाळेत मारण्याला आणि मानसिक छळालाही बंदी घातली. पण ते कलम घराचा उंबरा ओलांडत नाही. या घरात चालणार होतं ते वचन.

नीतिसूत्रांतली छडी म्हणजे मेंढपाळाची नुसती वाट दाखवणारी काठी, असा अर्थ कधी कधी सांगितला जातो. मला तो पुरता पटत नाही. मूळ हिब्रू शब्द ‘शेवेट’ 23व्या स्तोत्रातही आहे आणि तिथली काठी धीर देते, हे खरं. पण नीतिसूत्रे 23:13 मध्ये छडीने मारण्याचीच गोष्ट आहे. सोयीचा अर्थ काढून मी या माणसाला गप्प केलं असतं, तर जिना उतरताना तो हसला असता. म्हणून म्हटलं, “दादा, हे वचन आहे ते आहे. त्या काळच्या बापाच्या हातात छडी होती. आता त्याच पुस्तकातलं दुसरं वाचा. इफिस 6:4.”

त्यांनी मोबाइलवर काढलं, मोठ्याने वाचायला लागले आणि ‘चिरडीस’ या शब्दापाशी अडकले. पोर चिरडीला येणं म्हणजे काय ते कुठलीही आजी सांगेल: लालबुंद झालेलं, कशानेही समजूत न पटणारं. मुलांना तसं करू नका, असं पौल लिहितो, आणि लिहितो बापांना. रोमी कायद्यात बापाची मुलांवर जवळजवळ पूर्ण सत्ता होती, तेव्हा.

मग वहीतलं अधोरेखित काढलं. “पट्टा काढला तेव्हा राग कशाचा होता? वीस रुपयांचा की चार माणसांचा?”

बराच वेळ पंख्याचाच आवाज. “चार माणसांचा,” म्हणाले.

विषय बदलायचा म्हणून कामाचं विचारलं. कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या भागात, ब्लोहोल (वायूने पडलेलं भोक) निघाला तर काय करता? “वाळू बघतो. वल जास्त असली की वायू धरतो.” कास्टिंगला हाणत नाही? ते हसले, मग हसू ओसरलं. वाळू बघितली तेव्हा साधंच निघालं. शमूला खाऊला पैसेच मिळत नव्हते, पैशाने पोरं बिघडतात म्हणून. भेळेचे पैसे दर वेळी दोस्त द्यायचा आणि शमूला त्याची लाज वाटायची. चोरी ती चोरीच. पण बापाला चार माणसांत वाटली ती लाज आणि पोराला गाड्यावर वाटली ती, जात एकच.

शमू माझ्याशी फारसं बोलला नाही. एक गोष्ट आईने सहज, कौतुकाने सांगितली होती. रात्री कौटुंबिक प्रार्थनेत पाळी आली की तो पूर्वी ‘हे स्वर्गीय बापा’ म्हणून सुरुवात करायचा, हल्ली ‘प्रभू येशू’ म्हणतो. मी त्याला विचारलं.

“बापाला सांगायला भ्या वाटतंय.”

“कुठल्या?”

त्याने खांदे उडवले आणि खडू उचलला.

हे मी त्याच्या परवानगीने वडिलांना सांगितलं. एवढ्या वर्षांच्या कामात इतका गप्प झालेला माणूस मी क्वचितच बघितला.

पुढचं काम किरकोळ वाटेल असंच होतं. आठवड्याला दहा रुपये खाऊला. दोन आठवड्यांच्या खाऊतून शमूने वीस रुपये थैलीत टाकले, बाप शेजारी उभा, तिसऱ्या कुणाला पत्ता नाही. शिक्षा द्यायचीच तर दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर ठरवायची. रात्रीच्या रागात दिलेली मोजायची नाही. चादर ओली झाली तर आईने मुकाट्याने बदलायची. अवघड गेलं ते एकच, पट्ट्याबद्दल पोराची माफी मागणं. “बापानं मागायची?” तीन आठवडे लागले. शेवटी त्यांना वाट सापडली ती रोजच्याच प्रभूच्या प्रार्थनेत, ‘ऋण सोडले आहे’ या ओळीपाशी. तिथे थांबून म्हणाले म्हणे, “शमू, माझं बी सोड.”

मध्ये एकदा घसरले. पाढ्यांवरून थोबाडीत मारली आणि त्याच रात्री मला फोन केला. मी रागावले नाही; पूर्वी फोन आला नसता.

आता अंथरूण महिन्यात एखाद्या वेळी ओलं होतं. प्रार्थना अजून ‘प्रभू येशू’नेच सुरू होते. परवा आईने विचारलं, त्याला ‘स्वर्गीय बापा’ म्हणायची आठवण करू का? मी म्हटलं, नको, त्याचं त्याला येऊ दे.