त्याला एकट्यालाच समजवा ना, मॅडम!

चौथीतल्या एका मुलाच्या आई तणतणतच माझ्याकडे आल्या. चिरंजीव आउट झाले की बॅट फेकतात, परवा तर एका मुलाच्या हाताला ओरखडे काढले, हे त्यांना मान्य होतं. राग होता तो शाळेने आठवड्यातून एक तास भावना ओळखायला-सांभाळायला शिकवण्यासाठी ठेवल्याचा. "चिडतो हा. मग यालाच समजवा ना! सगळ्या वर्गाचं गणित कशाला बुडवता?"

पालकसभेत हा प्रश्न हमखास निघतो, म्हणून ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून सांगते.

एकट्याला समजावलं होतंच. "राग आला की दहापर्यंत आकडे मोजायचे," हे त्याने मला पाढ्यासारखं घडाघडा म्हणून दाखवलं. पण माझ्या खोलीत त्याला राग येणार कसा? तिथे ना कुणी आउट देतं, ना कुणी हसतं. हरण्याचा सराव करायला सोबत दुसरी मुलं लागतात.

मग वर्गशिक्षिकेने त्या तासाला सापशिडी मांडली. चौघाचौघांचे गट. सापाने गिळलं की फासा पुढच्याला देण्याआधी अंगात काय होतंय ते सांगायचं. कुणाच्या पोटात गोळा येत होता, एकीला रडू येत होतं पण ती दाखवत नव्हती. आमचा पठ्ठ्या अठ्ठ्याण्णववरून घसरला. फासा मुठीत गच्च, कान लालबुंद. बऱ्याच वेळाने म्हणाला, "कान गरम होतात. आणि सगळे माझ्याकडेच बघतायत असं वाटतं."

"मी कुठे बघत होतो? मी माझी सोंगटी बघत होतो," समोरचा म्हणाला. ओरखडे खाल्लेला तोच. सगळे हसले, हाही हसला. हे वाक्य मी म्हटलं असतं तर त्याला पटलं नसतं.

त्यानंतर तो एकदम गुणी बाळ झाला असं नाही. आउटवरून अजून वाद घालतो. घालू दे, हात उचलत नाही एवढं मला पुष्कळ आहे.

राहिला गणिताचा प्रश्न. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जोसेफ डर्लक आणि सहकाऱ्यांनी २०११ साली अशा २१३ शालेय उपक्रमांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्यांत मिळून २ लाख ७० हजारांवर मुलं होती. ज्या उपक्रमांत अभ्यासाचीही नोंद ठेवली होती, तिथली मुलं असा उपक्रम न मिळालेल्या मुलांपेक्षा सरासरी ११ पर्सेंटाइलने पुढे दिसली, म्हणजे शंभरांत मधोमध असणारं मूल साधारण अकरा जागा वर सरकलं. अर्थात हे पायरीपायरीने, कृतीतून शिकवलं तर. फळ्यावर 'रागावर ताबा ठेवा' असा सुविचार लिहिणं म्हणजे नुसता खडू झिजवणं.

आईंना हे सगळं सांगितल्यावर त्या जरा निवळल्या. "घरी काय करू?"

"पत्ते खेळा, पण त्याला खूश करायला मुद्दाम हरू नका."

"ते सासऱ्यांना तुम्हीच सांगा, मॅडम. रोज संध्याकाळी तेच हरतात."