भाडेपट्ट्याचा 'विस्तार' होत नाही

एका वाचकाने विचारले आहे की, अमेरिकेतील सरकारी जमिनींवर भूगर्भातील उष्णतेपासून वीज निर्माण करण्यासाठी जे भाडेपट्टे दिले जातात, त्यांच्यावरील एका टिपणाचे मराठी करताना 'सार्वजनिक जमिनीवरील भूतापीय भाडेपट्टा विस्तारासाठी अहवाल आवश्यकता' असे शीर्षक त्यांना सुचले. ते योग्य आहे का, आणि 'लीज एक्स्टेंशन'ला 'विस्तार' म्हणावे, 'मुदतवाढ' म्हणावे की 'नूतनीकरण', अशी त्यांची पृच्छा आहे.

'विस्तार' प्रथम बाजूला ठेवू. मराठीत विस्तार होतो तो कारखान्याचा, मंत्रिमंडळाचा किंवा शहराच्या हद्दीचा. म्हणजे जे होते त्यात जागेची अथवा संख्येची भर पडते. अमेरिकेत असा एक भूऔष्णिक भाडेपट्टा साधारणपणे कमाल ५,१२० एकरांचा असतो. त्याचा 'विस्तार' झाला असे वाचल्यावर मराठी वाचकाला वाटेल की पट्टेदाराला आणखी चारदोनशे एकर मिळाले. प्रत्यक्षात क्षेत्र तेवढेच राहते, वाढतो तो काळ, आणि काळ वाढवण्याला आपल्याकडे 'मुदतवाढ' हा सोपा, कचेरीपासून चावडीपर्यंत सर्वांना समजणारा शब्द आहे. निविदेला, कर्जफेडीला आणि विवरणपत्र भरण्याला मुदतवाढ मिळते, तशी भाडेपट्ट्यालाही मिळते.

'मुदतवाढ' आणि 'नूतनीकरण' यांत मात्र अधिक सावध राहावे लागते, कारण हे दोन शब्द बोलण्यात सर्रास एकमेकांच्या जागी येतात, पण कायद्यात तसे चालत नाही. मुदतवाढीत मूळ करार जिवंत असतो आणि त्याच अटींवर पुढे चालतो. नूतनीकरणात पहिला कालखंड संपतो आणि दुसरा सुरू होतो, आणि त्या वेळी अटी बदलण्यास वाव असतो. आमच्या एका नातेवाइकांनी जागेच्या पट्ट्यासाठी अर्जात 'मुदतवाढ मिळावी' असे लिहिले होते. कारकुनाने अर्ज परत करताना विचारले, "मुदत गेल्या वर्षीच संपली. आता वाढवू काय?" नातेवाईक रागावले, पण शब्दार्थाच्या बाजूने पाहिले तर कारकुनाचे म्हणणे बिनतोड होते.

अमेरिकी भूऔष्णिक कायद्यात हा भेद स्वच्छ पाळलेला दिसतो. १९७० चा मूळ कायदा आणि त्यात २००५ मध्ये झालेले बदल यांनुसार भाडेपट्ट्याची प्राथमिक मुदत १० वर्षांची असते. त्यानंतर अटी पाळल्यास ५ वर्षांची पहिली आणि पुन्हा ५ वर्षांची दुसरी मुदतवाढ मिळू शकते. प्रत्यक्ष उत्पादन सुरू झाले की उत्पादनाच्या आधारावर ३५ वर्षांपर्यंत मुदतवाढ मिळते. हे सगळे संपल्यावरही व्यापारी प्रमाणावर उत्पादन चालू असेल आणि ती जमीन अन्य कारणासाठी लागणार नसेल, तर ५५ वर्षांपर्यंतच्या दुसऱ्या कालखंडासाठी पट्टेदाराला अग्रहक्क असतो, पण तो सरकारला योग्य वाटतील त्या अटींवर. हे शेवटचे तेवढे नूतनीकरण. त्याआधीच्या सर्व मुदतवाढी. टिपणात दोन्हींना एकच शब्द वापरला, तर वाचकाला हा जिना दिसणारच नाही.

हा भेद केवळ परदेशी कायद्यापुरता आहे असे कोणी समजू नये. गोव्यातील मराठी वर्तमानपत्रे वाचणाऱ्यांना 'लीज नूतनीकरण' हा शब्दप्रयोग परिचयाचा आहे. तेथील खाणपट्ट्यांची पहिल्या नूतनीकरणाची मुदत २००७ मध्ये संपली, पुढे राज्य सरकारने ८८ पट्ट्यांचे दुसऱ्यांदा नूतनीकरण केले, आणि ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द ठरवताना नूतनीकरण नव्हे, तर नव्याने पट्टे द्यायला हवे होते, अशी भूमिका घेतली. एका शब्दाच्या अर्थावर तेथील खाणी बंद झाल्या. दरम्यान २०१५ मध्ये केंद्राच्या खनिज कायद्यात बदल होऊन प्रमुख खनिजांच्या पट्ट्यांची मुदत ५० वर्षे करण्यात आली, जुन्या पट्ट्यांना मुदतवाढ मिळाल्याचे मानण्यात आले आणि मुदत संपल्यावर नूतनीकरणाऐवजी लिलावाची तरतूद आली.

आता 'अहवाल आवश्यकता'. हे दोन शब्द शेजारी उभे आहेत, पण त्यांचे एकमेकांशी बोलणे नाही. 'आवश्यकता' म्हणजे गरज, आणि येथे अहवालाची गरज कोणाला भासलेली नाही. तो देणे ही अट आहे. 'अहवाल' हा शब्द मुळात अरबी 'हाल'चे अनेकवचन आहे, म्हणजे स्थितीचे वर्णन, पण अमेरिकेच्या या भूऔष्णिक कायद्याला वर्णनापेक्षा अधिक काही हवे आहे. पहिल्या मुदतवाढीसाठी पट्टेदाराने दहाव्या वर्षाच्या अखेरीपर्यंत एकरी किमान ४० डॉलर अशा कामांवर खर्च केलेले असावे लागतात, ज्यांतून भूस्तराची किंवा भूगर्भातील उष्ण पाण्याच्या साठ्याची नवी माहिती हाती येते: तापमान मोजण्यासाठी खोदलेल्या विंधन विहिरी, भूभौतिक सर्वेक्षण, पाण्याचे रासायनिक पृथक्करण वगैरे. पूर्ण ५,१२० एकरांचा पट्टा असेल तर ही रक्कम २,०४,८०० डॉलर होते. मग दहावे वर्ष संपण्यापूर्वी कामाचा प्रकार, ठिकाण, तारखा आणि खर्चाची रक्कम यांचा तपशील, सोबत मिळालेली सर्व भूवैज्ञानिक माहिती या जमिनी सांभाळणाऱ्या केंद्रीय जमीन व्यवस्थापन विभागाकडे द्यावी लागते, आणि विभागाने कामाचा प्रकार व खर्च मान्य केल्यावरच तो पट्टेदाराच्या खाती धरला जातो. आपल्या कचेऱ्यांत लेखापरीक्षणातील आक्षेपांना उत्तर देताना अटींची पूर्तता दाखवणाऱ्या कागदाला 'अनुपालन अहवाल' म्हणतात. शब्द जड आहे आणि मला तो फारसा आवडत नाही, तरी येथे तोच नेमका बसतो.

'सार्वजनिक जमीन' ऐकल्यावर मराठी माणसाला मैदान, उद्यान किंवा गायरान आठवते. अमेरिकेच्या मुख्यतः पश्चिमेकडील राज्यांत जमीन व्यवस्थापन विभागाच्या ताब्यात सुमारे २४.५ कोटी एकर जमीन आहे आणि तिची मालकी तेथील केंद्र सरकारची आहे, म्हणून 'सरकारी जमीन' पुरे.

'भूतापीय' हिंदीतून आलेला आहे. चूक नाही, पण ज्या भाषेत 'औष्णिक विद्युत केंद्र' रुळले आहे, तिने 'भूऔष्णिक' का सोडावे? संधीचे कट्टर नियम लावले तर त्याचे 'भ्वौष्णिक' होईल आणि 'भू' व 'उष्ण' जोडले तर 'भूष्ण', तेव्हा संधी न करण्यातच शहाणपण आहे. अस्सल मराठीत जमिनीतून वर येणाऱ्या ऊन पाण्याला 'उन्हाळे' म्हणतात. राजापूरजवळचे उन्हाळे, पालीजवळचे उन्हेरे, दापोलीकडचे उन्हवरे ही गावे त्याच 'उष्ण', 'उण्ह', 'ऊन' या वंशातली आहेत. ऊर्जेच्या शीर्षकात 'उन्हाळे' चालणार नाही, पण ते नेमके कशाविषयी आहे हे समजावताना टिपणाच्या पहिल्या परिच्छेदात तो शब्द जरूर घ्यावा.

तेव्हा शीर्षक असे करता येईल: 'सरकारी जमिनीवरील भूऔष्णिक भाडेपट्ट्याच्या मुदतवाढीसाठी अनुपालन अहवालाची अट'.

जाता जाता, टिपणात 'प्रति एकर प्रति वर्ष' असे लिहिण्याचा मोह होईल, कारण मुदतवाढीच्या काळातही दर वर्षी ठरावीक खर्च आणि त्याचा तपशील द्यावा लागतो. तेथे 'एकरी दरसाल' एवढेच लिहावे.